शेवटच्याला पहिला मान

स्पर्धा म्हटली की जिंकणाऱ्याच्या पदरात सर्व काही पडावे, हा जगाचा सर्वसाधारण रिवाज आहे. पारितोषिक त्याला, टाळ्या त्याला, वर्तमानपत्रातील छायाचित्रही त्याचेच. जो शेवटचा येतो त्याच्या वाट्याला फार तर सांत्वनाचे चार शब्द येतात. परंतु अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलच्या जगात याच्या अगदी उलट अशी एक प्रथा आहे. तेथे एका हंगामात जो संघ सर्वांत अधिक सामने हरतो, त्यालाच महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या नव्या दमाच्या खेळाडूंतून पहिली निवड करण्याचा मान मिळतो. या निवडीच्या सोहळ्याला तेथे ‘ड्राफ्ट’ असे म्हणतात.

२७ एप्रिल २०१७ रोजी हा मान क्लीव्हलंड ब्राउन्स या संघाकडे आला होता. ईरी सरोवराच्या काठी, ओहायो राज्यात वसलेले क्लीव्हलंड हे जुने औद्योगिक शहर. २०१६ च्या हंगामात त्याच्या संघाने १६ सामन्यांपैकी १५ गमावले होते. अशा संघाने पहिल्या क्रमांकावर नाव उच्चारले ते टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या माइल्स गॅरेट या २१ वर्षांच्या तरुणाचे. तो काही चेंडू घेऊन धावणारा किंवा गुण मिळवून देणारा वीर नव्हता. प्रतिपक्षाच्या सूत्रधारावर धाव घेऊन त्याला चेंडू फेकूच द्यावयाचा नाही, हे त्याचे काम. या कामगिरीच्या खेळाडूला ‘पास रशर’ म्हणतात. इतक्या दुबळ्या संघाने आपली सर्वांत मोलाची संधी अशा खेळाडूवर का खर्च करावी, आणि त्या निवडीचे पुढे काय झाले, हे समजून घेणे मोठे उद्बोधक आहे.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून घेऊ. आपल्याकडे फुटबॉल म्हणजे पायाने चेंडू मारून गोल करावयाचा खेळ. अमेरिकन फुटबॉल त्याहून निराळा. त्यातील चेंडू लांबट आणि दोन्ही टोकांस निमुळता असतो. तो काखेत धरून पळता येते, हाताने पुढे फेकताही येतो. मैदान १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर लांब. प्रत्येक बाजूचे ११ खेळाडू समोरासमोर उभे राहतात. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकावयाचे असते. ते साधले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न साधले तर चेंडू प्रतिपक्षाच्या हाती जातो. एखाद्या सैन्याने शत्रूची भूमी पावलापावलाने जिंकत जावे, तसा हा खेळ चालतो.

या चढाईचा सेनापती म्हणजे ‘क्वार्टरबॅक’. प्रत्येक डावाच्या आरंभी चेंडू त्याच्या हाती येतो. मग तो चेंडू जवळच्या गड्याच्या हाती द्यावा, की दूर धावत सुटलेल्या गड्याकडे फेकावा, हे त्याने क्षणार्धात ठरवावयाचे असते. त्याच्यापुढे पाच धिप्पाड खेळाडूंची भिंत उभी असते. त्या भिंतीचे काम एकच: आपल्या सेनापतीला दोनतीन सेकंदांची उसंत मिळवून देणे. तेवढ्या वेळात त्याची नजर मैदानभर फिरते, मोकळा गडी हेरते आणि चेंडू हातातून सुटतो.

ही दोनतीन सेकंदे हिरावून घेणे, हाच पास रशरचा व्यवसाय होय. गंमत अशी की तो बचाव करणाऱ्या बाजूचा असूनही प्रत्यक्षात हल्लाच करीत असतो. आपल्या कबड्डीतील चढाई करणारा खेळाडू अनेकांचे हात चुकवीत परक्या अंगणात शिरतो, तसाच काहीसा हा प्रकार. तो बहुधा भिंतीच्या टोकाला उभा राहतो. चेंडू हलताच झेप घेतो आणि समोरच्या धिप्पाड रक्षकाला हुलकावणी देऊन, हाताने झटकून किंवा सरळ मागे रेटून आत घुसतो. त्यात नुसते बळ पुरत नाही. पहिल्या पावलाचा वेग, हातांचे कौशल्य आणि धावता धावता जमिनीकडे झुकून कोपरा कापण्याची लवचिकता, ही तिन्ही अंगे लागतात. कारण टोकावरून वळसा घालून जाणाऱ्याने एक पाऊल जरी अधिक टाकले, तरी तोवर चेंडू सुटलेला असतो.

चेंडू हातातून सुटण्यापूर्वी क्वार्टरबॅकला त्याच्या मागच्या मैदानातच पाडले, तर त्याला ‘सॅक’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ शहर लुटणे असा होतो, आणि तो खेळात रूढ केला डीकन जोन्स या लॉस एंजलिस रॅम्सच्या विख्यात खेळाडूने, असे सांगतात. सॅक झाली की नुकसान दुहेरी होते. प्रयत्न वाया जातो आणि जिंकलेली भूमीही मागे सोडावी लागते. कित्येकदा त्या धडकेने चेंडूच निसटतो आणि सामन्याचे पारडे फिरते. शिवाय, प्रत्यक्ष पाडले नाही तरी पाठीमागून येणाऱ्या पावलांची चाहूलच क्वार्टरबॅकला घाई करावयास लावते, आणि घाईत फेकलेला चेंडू भलत्याच हाती पडतो. आश्चर्याची गोष्ट अशी की खेळाडूच्या नावे सॅकची अधिकृत नोंद ठेवण्यास १९८२ साली आरंभ झाला. दोघांनी मिळून पाडल्यास प्रत्येकाच्या नावे अर्धी सॅक लिहिली जाते. ही मोजदाद सुरू झाल्यावर या कामाचे मोल सामान्य प्रेक्षकालाही आकड्यांत दिसू लागले.

आता ड्राफ्टची हकीकत पाहू. १९३० नंतरच्या दशकात व्यावसायिक फुटबॉलचे संघ थोडे होते आणि त्यांतील कित्येक जेमतेम तग धरून होते. महाविद्यालयातून बाहेर पडलेला चांगला खेळाडू आपल्या मर्जीने कोठेही जाऊ शके. साहजिकच ज्याच्याकडे पैसा आणि कीर्ती, त्याच्याकडेच नवे बळ जाई. बलवान अधिक बलवान होत आणि दुबळे अधिक दुबळे. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांना या स्थितीचा चांगलाच चटका बसला होता. त्यांनी १९३५ साली इतर संघमालकांपुढे असा प्रस्ताव मांडला की, नव्या खेळाडूंची एक यादी करावी आणि सर्वांत खालच्या संघाने सर्वांत आधी निवड करावी. बलिष्ठ संघांच्या मालकांनीही तो मान्य केला. यात केवळ औदार्य नव्हते, दूरदृष्टीही होती. रोज एकच संघ जिंकू लागला तर प्रेक्षक येईनासे होतात. आणि प्रतिपक्षच उरला नाही, तर जिंकणार तरी कोणाला?

८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातील एका हॉटेलच्या खोलीत नऊ संघांचे प्रतिनिधी जमले. फळ्यावर ९० नावे लिहिली होती. आदल्या हंगामात बेल यांचाच संघ तळाशी असल्याने पहिली निवड त्यांची होती. त्यांनी शिकागो विद्यापीठाच्या जे बरवेंगरचे नाव घेतले. महाविद्यालयीन खेळात त्या वर्षी त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता. परंतु ड्राफ्टच्या इतिहासातील हा पहिला मानकरी व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही! त्या काळी या खेळात मिळकत फारशी नव्हती, आणि त्याने नोकरीधंद्याचा मार्ग पत्करला. निवडणाऱ्याच्या आशा आणि निवडलेल्याचे जीवन यांत केवढे अंतर असू शकते, याचा धडा पहिल्याच दिवशी मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही.

आज नॅशनल फुटबॉल लीगमध्ये ३२ संघ आहेत. ड्राफ्टच्या सात फेऱ्या होतात आणि सोहळा तीन दिवस चालतो. आपल्याकडील क्रिकेटच्या आयपीएलमध्ये २००८ सालापासून खेळाडूंचा लिलाव होतो. तेथे बोली लावली जाते. ड्राफ्टमध्ये बोली नसते, केवळ पाळी असते. मात्र एखाद्या संघाला आपली पाळी दुसऱ्यास देऊन त्याच्या मोबदल्यात इतर पाळ्या किंवा खेळाडू घेता येतात. माध्यमिक शिक्षण संपून तीन वर्षे झाल्याखेरीज कोणाही तरुणाचे नाव या निवडीसाठी विचारात घेतले जात नाही.

निवडीपूर्वी या तरुणांची परीक्षा किती कसोशीने घेतली जाते, ते पाहून थक्क व्हावे. दरवर्षी हंगाम संपल्यावर इंडियानापोलिस शहरात शेकडो खेळाडू बोलाविले जातात. त्यांची उंची, वजन, हातांची लांबी मोजली जाते, धाव घड्याळावर तपासली जाते, वैद्यकीय तपासणी व मुलाखती होतात. २०१७ साली गॅरेटचे वजन २७२ पौंड, म्हणजे सुमारे १२३ किलो भरले. इतक्या वजनाचा हा तरुण ४० यार्डांचे अंतर ४.६४ सेकंदांत धावला. उभ्या जागेवरून त्याने ४१ इंच उंच उडी मारली, आणि २२५ पौंडांचे वजन उताणे पडून ३३ वेळा वर उचलले. हत्तीचे बळ आणि हरिणाची चपळाई एकाच देहात नांदताना पाहून परीक्षक हरखून गेले, तर नवल ते काय!

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ड्राफ्टचा सारा डोलारा याच विश्वासावर उभा आहे. पण पाळण्यातील पाय पाहणाऱ्यांच्या नजरेत किती चुका होतात, याची साक्षही ड्राफ्टच देतो. २००० साली याच क्लीव्हलंड संघाने पहिल्या क्रमांकावर कोर्टनी ब्राउन या पास रशरलाच निवडले होते. गुण त्याच्या अंगी होते, परंतु दुखापतींनी त्याची पाठ सोडली नाही, आणि त्याच्याकडून धरलेली आशा सफल झाली नाही. त्याच वर्षी १९९ व्या क्रमांकावर, जवळजवळ दुर्लक्षित असा एक क्वार्टरबॅक निवडला गेला. त्याचे नाव टॉम ब्रेडी. पुढे सात अंतिम विजेतेपदे त्याच्या नावावर जमा झाली. वर ज्याचा उल्लेख आला तो डीकन जोन्स १९६१ साली चौदाव्या फेरीत निवडला गेला होता. आणि गॅरेटच्याच वर्षी पहिल्या फेरीत २९ जणांच्या मागून, तिसाव्या क्रमांकावर, पिट्सबर्ग संघाने टी. जे. वॉट याला घेतले. त्याने २०२१ च्या हंगामात साडेबावीस सॅक करून मायकेल स्ट्रेहन याच्या २००१ च्या विक्रमाशी बरोबरी साधली. पहिला क्रमांक म्हणजे भविष्याची हमी नव्हे आणि तिसावा म्हणजे भविष्याचा अंत नव्हे, हे सांगण्यास याहून चांगली उदाहरणे कोणती?

२०१७ चा ड्राफ्ट फिलाडेल्फियातच, तेथील कलासंग्रहालयाच्या प्रशस्त पायऱ्यांवर, हजारो लोकांच्या साक्षीने झाला. ८१ वर्षांपूर्वी एका खोलीत मावलेली सभा आता जत्रेएवढी झाली होती. गॅरेट स्वतः मात्र तेथे नव्हता. त्याने तो दिवस टेक्सासमधील आपल्या गावी, आर्लिंग्टन येथे घरच्या माणसांत घालविणे पसंत केले. भूविज्ञानाची गोडी असलेला, प्राचीन महाकाय सरड्यांच्या अवशेषांविषयी कुतूहल बाळगणारा आणि कविता लिहिणारा हा तरुण, केवळ अंगापिंडाने मोठा नव्हता.

हंगाम सुरू होण्यापूर्वीच सरावात त्याचा घोटा दुखावला आणि पहिले चार सामने त्याला बाहेर बसावे लागले. ८ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध तो मैदानात उतरला, आणि व्यावसायिक जीवनातील आपल्या पहिल्याच डावात त्याने क्वार्टरबॅकला लोळविले. त्या हंगामात ११ सामन्यांत त्याच्या नावे सात सॅक नोंदल्या गेल्या. कोणीही म्हणेल, आरंभ उत्तम झाला. पण संघाचे काय झाले? संघाने सोळाच्या सोळा सामने गमावले! पूर्ण सोळा सामन्यांच्या हंगामात एकही विजय न मिळविण्याची नामुष्की त्यापूर्वी फक्त २००८ साली डेट्रॉइट संघावर आली होती. जानेवारी २०१८ मध्ये कडाक्याच्या थंडीत क्लीव्हलंडच्या चाहत्यांनी क्रीडागाराभोवती मिरवणूक काढली. ती शून्याच्या आकाराने फिरली. त्या उपहासाच्या मिरवणुकीतही त्यांनी गरजूंसाठी अन्ननिधी गोळा केला, हे त्या शहराच्या खिलाडूपणाला शोभून दिसले.

येथे ड्राफ्टचे खरे मर्म ध्यानात येते. शेवटच्याला पहिला मान देणारा नियम न्याय्य आहे, पण तो फक्त बी हाती देतो. शेत नांगरून देत नाही. क्वार्टरबॅकला पाडणारा कितीही थोर असला, तरी आपल्या संघाकडे चेंडू फेकणारा, झेलणारा, भिंत उभारणारा कोणी नसेल, तर त्याच्या पराक्रमाचे चीज होत नाही. ‘गाव करील ते राव काय करील’ ही आपल्या पूर्वजांची उक्ती जणू अशा संघांसाठीच आहे. पुढल्या वर्षी, २०१८ साली, क्लीव्हलंडला पुन्हा पहिली निवड मिळाली आणि त्यांनी बेकर मेफील्ड हा क्वार्टरबॅक घेतला. २० सप्टेंबर २०१८ रोजी ६३५ दिवसांच्या प्रतीक्षेनंतर संघाला पहिला विजय लाभला. हळूहळू इतर जागाही भरत गेल्या. २०२० च्या हंगामात संघाने ११ सामने जिंकले, १८ वर्षांनी बाद फेरी गाठली, आणि तीत पिट्सबर्गचा ४८-३७ असा पराभव केला.

या वाटचालीत एक काळा दिवसही आला. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी पिट्सबर्गविरुद्धचा सामना क्लीव्हलंडने जवळजवळ जिंकला होता, शेवटची काही सेकंदे उरली होती. अशा वेळी झालेल्या झटापटीत गॅरेटने प्रतिपक्षाच्या क्वार्टरबॅकचे शिरस्त्राण ओढून काढले आणि त्याच शिरस्त्राणाने त्याच्या उघड्या डोक्यावर प्रहार केला. लीगने हंगामातील उरलेल्या सहाही सामन्यांसाठी त्याला खेळण्यास मनाई केली. त्याने जाहीर क्षमा मागितली. ज्याच्या व्यवसायाचा प्राणच आवेग आहे, त्याला तो आवेग शिटी वाजताच थांबवता आला पाहिजे. इंडियानापोलिसच्या परीक्षेत वेग मोजता आला, बळ मोजता आले. हा संयम मोजण्याचे साधन मात्र तेथे कोणापाशीही नव्हते. पुढच्या वर्षी तो परतला आणि आपल्या खेळाने त्याने गेलेली पत पुन्हा मिळविली. २०२३ च्या हंगामासाठी सर्वोत्तम बचावपटूचा बहुमान त्यालाच देण्यात आला.

तरीही त्याच्या पुढच्याच, २०२४ च्या हंगामात क्लीव्हलंडला १७ पैकी केवळ तीन सामने जिंकता आले. त्यातही गॅरेटच्या नावे १४ सॅक होत्या. म्हणजे निवड अचूक ठरली, खेळाडू अव्वल निघाला, आणि संघ मात्र पुन्हा तळाजवळ! फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने आपणास दुसऱ्या संघाकडे जाऊ द्यावे अशी मागणी केली, परंतु मार्चमध्ये नवा करार होऊन तो तेथेच राहिला.

या पद्धतीवर आक्षेपही घेतले जातात, आणि ते निराधार नाहीत. पहिला आक्षेप असा की निवडला गेलेला तरुण आपला संघ आपण ठरवू शकत नाही. वकिलाने किंवा अभियंत्याने कोणत्या शहरात नोकरी करावी हे चिठ्ठीने ठरविले, तर आपणांस रुचेल काय? त्याला उत्तर असे दिले जाते की हे बंधन खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या करारातून आलेले आहे, आणि पहिल्या कराराची वर्षे संपल्यावर त्याला अधिक मोकळीक मिळते. दुसरा आक्षेप असा की पहिल्या निवडीच्या लोभाने एखादा संघ जाणूनबुजून हरू लागेल. बास्केटबॉलच्या लीगने या भयानेच १९८५ पासून तळाच्या संघांत सोडत काढण्याची पद्धत स्वीकारली. फुटबॉलने मात्र आपला सरळ क्रम कायम ठेवला आहे. दुबळ्यास हात देणारा कोणताही नियम केला, की त्याचा गैरफायदा घेण्याची वाटही त्यातूनच फुटते. म्हणून नियम टाकून द्यावयाचा नसतो, त्यावर लक्ष ठेवावयाचे असते.

विद्यार्थिमित्रांनो, हा खेळ आपल्या मैदानांवर फारसा खेळला जात नाही. तरी त्यातील ही प्रथा आपल्या विचारास खाद्य पुरविणारी आहे. वर्गात पहिला येणारा आणि अखेरच्या बाकावर बसणारा, या दोघांनाही तिच्यात काही सांगावयाचे आहे. पहिल्याला ती सांगते की, क्रमांक ही शाबासकी नव्हे, अपेक्षा आहे. आणि ती एकट्याने पुरी होत नाही. शेवटच्याला ती सांगते की, उद्याची निवड तुझी आहे, मात्र मिळालेल्या बीजाला पाणी तुलाच घालावे लागेल. आणि ज्यांच्या हाती निवड असते, त्या शिक्षकांना, पालकांना आणि परीक्षकांना ती नम्रपणे बजावते की, १९९ व्या क्रमांकावरचे नाव वाचावयाचे राहून तर गेले नाही ना, हे एकदा पुन्हा पाहावे.